बर्फातलं मशीन का चालू झालं नाही

दर दसऱ्याला शेवगावकडच्या एका खेड्यात एक बाई आमच्या दादांना एकच प्रश्न विचारायची. "भाऊजी, ते मशीन का चालू झालं न्हाई ओ?" आणि दर दसऱ्याला दादा मान खाली घालून तेच उत्तर द्यायचे, "न्हाई कळलं, वहिनी." मग ती आत जाऊन चहा टाकायची, दादा चहा प्यायचे आणि आम्ही परतीची एसटी धरायचो.

दादा म्हणजे माझे वडील. फौजेत मेकॅनिक होते. उत्तरेला जिथं बारा महिने बर्फ असतं अशा एका चौकीवर त्यांची पोस्टिंग होती, आणि त्या चौकीवर बर्फावर चालणारी एक स्कूटर होती. पुढं घसरायला दोन पट्ट्या, मागं रबराचा रुंद पट्टा, मधे टू-स्ट्रोक इंजिन. किक नाही की बटण नाही, दोरी ओढून चालू करायची. बाकीचे तिला स्नो स्कूटर म्हणायचे, दादा नुसतं 'मशीन' म्हणतात. रॉकेल, पीठ, टपाल, आजारी माणूस, जे काही वर-खाली व्हायचं ते तिच्यावरच. त्या चौकीवर दादांना एक जोडीदार मिळाला, तो आपल्याच जिल्ह्यातला, शेवगावकडचा. इथं घरी असताना संगमनेरचा माणूस शेवगावच्या माणसाला कशाला विचारतोय! पण तिकडं, जिथं चहूकडं पांढरंफटक, तिथं 'तुमच्याकडं बाजरी कशी हाय औंदा' असं विचारणारा कुणी भेटला की तो सख्ख्या भावाहून सख्खा.

एका दसऱ्याच्या सकाळी त्या जोडीदाराला श्वास घेता येईना. इतक्या उंचावर कधी कधी माणसाच्या छातीत पाणी भरतं, मग त्याला ताबडतोब खाली न्यावं लागतं, दुसरं औषध नाही. दादांनी मशीनची दोरी ओढली. पुन्हा ओढली. प्लग काढला, पुसला, बसवला, पुन्हा ओढली. हातमोज्यांत जमेना म्हणून मोजे काढले, तर तळहाताची कातडी लोखंडाला चिकटून राहिली. मशीन काही बोललं नाही. शेवटी चौघांनी त्याला घसरगाडीवर बांधलं आणि दोरानं ओढत खाली निघाले. तो वाटेतच गेला. आणि दुपारी ऊन वर आल्यावर तेच मशीन दादांनी सहज म्हणून ओढून बघितलं, तर पहिल्याच झटक्याला फुर्र करून चालू झालं. दादा हे सांगताना त्या जागी नेहमी थांबतात. "एका दोरीत," म्हणतात. "एका दोरीत, बघ."

जोडीदाराची पेटी घेऊन दादाच त्याच्या घरी गेले. बाईचं लग्न होऊन फार दिवस झाले नव्हते, हातावरची मेंदी म्हणावी तर नुकती गेलेली. दादांनी झालं ते सांगितलं. सासू ओट्यावर बसली होती, ती सगळ्या गावासमोर म्हणाली, "मशीनला काय धाड भरली हुती? हिचा पायगुण. हिचा पाय घरात पडला अन् माझं लेकरू गेलं." त्या एका वाक्यानं त्या बाईचा सगळा जन्म बांधून टाकला. सासू गेली, दीर वेगळे झाले, पण गावातल्या बायका, हल्ली विधवांनाही हळदीकुंकवाला बोलावणाऱ्या, हिला मात्र बोलवायला कचरायच्या. म्हणून ती विचारायची. मशीनचं काही बिघडलं होतं, अमुक एक नळी फुटली होती, असं दादांनी एकदा जरी सांगितलं असतं, तरी तिला ते धरून उभं राहता आलं असतं. पण दादा खोटं बोलायचे नाहीत, आणि खरं त्यांनाच ठाऊक नव्हतं.

मी त्या बाईंना काकू म्हणतो. आपट्याची पानं, म्हणजे दसऱ्याचं सोनं, त्यांच्या घरात फक्त दादांचंच यायचं. त्यांच्या नवऱ्याचा तोच दिवस, दुसरं कोण हसत सोनं घेऊन येणार? मी तापट माणूस. संगमनेरात माझं दुचाकीचं गॅरेज आहे, तिथल्या कुठल्याही गिऱ्हाइकाला विचारा. एकदा परतताना एसटीत मी दादांवर उखडलो होतो. म्हटलं, "किती वर्षं तेच ते विचारणार ती बाई? जखमेवर मीठ चोळायचं म्हणजे काय ते!" दादा खिडकीबाहेर बघत म्हणाले, "इचारू दे. तिचा हक्क हाय. मला उत्तर येत न्हाई, ही तिची चूक व्हय?" तेव्हापासून ते मशीन माझ्याही डोक्यात जाऊन बसलं होतं. मी टू-स्ट्रोकवरच हात बसवलेला माणूस. गार पडल्यावर इंजिन का रुसतं, याची शंभर कारणं मला पाठ. दादांना मी एकेक विचारायचो, आणि दादा एकेक खोडून काढायचे. पेट्रोल ताजं होतं. ठिणगी पडत होती. दाब चांगला होता. प्लग काढला तेव्हा कोरडा ठणठणीत होता. म्हणजे पेट्रोल वरपर्यंत पोचत नव्हतं. का पोचत नव्हतं, इथं आमची दोघांचीही गाडी अडायची.

आता गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यातली गोष्ट. शिर्डीच्या रस्त्याला एकानं बर्फाचा हॉल काढला. बाहेर उन्हानं डांबर पातळ झालेलं, आणि आत खरं बर्फ. दर्शन झालं की लोक लेकराबाळांसह येणार, भाड्याचं जॅकेट घालणार, बर्फाचे गोळे फेकणार, फोटो काढणार. तिथल्या मालकानं कुठून तरी एक जुनी स्नो स्कूटर विकत आणली. लोकांनी तिच्यावर बसायचं, माणसानं ती मिनिटभर फुर्र करून दाखवायची, धूर बाहेर जायला सायलेन्सरला लांब पाइप जोडलेला. कल्पना झकास होती. फक्त मशीन आत चालू होत नव्हतं.

मालकानं शिर्डी, राहाता, कोपरगाव पालथं घातलं. जो तो येऊन दोरी ओढून खांदा चोळत गेला. मग कुणीतरी माझं नाव सांगितलं. मालकाचा फोन आला तेव्हा मी एका स्कूटरच्या पोटात हात घालून बसलो होतो. "बर्फावरची स्कूटर आहे, गार असली की चालू होत नाही," एवढं तो म्हणाला आणि माझ्या हातातला पाना खाली पडला. संध्याकाळी दादांना सांगितलं. दादांनी जेवतानाच ताट बाजूला सारलं. "जा," म्हणाले. "अन् घाई करू नको. नीट बघ."

पहिल्या दिवशी मी माझंच हसं करून घेतलं. मशीन चाकाच्या पाटावर ठेवून बाहेर काढायला लावलं, उजेडात बघावं म्हणून. टाकी रिकामी करून ताजं पेट्रोल ऑइल मिसळून भरलं, नवा प्लग घातला, कार्बोरेटर उतरवून धुतला. सगळं आवरेपर्यंत ऊन डोक्यावर. दोरी ओढली, पहिल्याच झटक्याला चालू. मालक खूश, मी मिशीवर ताव देतोय. मशीन आत नेलं, दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा फोन. "मिस्त्री, तुमचं काम पाण्यात गेलं." मी पुन्हा गेलो, पुन्हा बाहेर काढलं, पुन्हा एका झटक्यात चालू. आत नेऊन दुसऱ्या दिवशी ओढलं की मुकं. मला तर घाम फुटला, तोही बर्फात उभं राहून. बाहेर चालतं, आत चालत नाही. उन्हात एका दोरीत, गारठ्यात शंभर दोऱ्यांतही नाही. हे मी लहानपणापासून ऐकत आलो होतो की!

घरी आलो की दादा दारातच वाट बघत असायचे. हल्ली त्यांना दम लागतो, चार पावलं चालले की थांबतात, पण मी आलो की पार फाटकापर्यंत यायचे. "प्लग वला का कोरडा?" हा पहिला प्रश्न. मी म्हणायचो, "कोरडा." त्यांचा चेहरा असा व्हायचा की मला बघवायचं नाही. "तसंच हुतं," म्हणायचे. "अगदी तसंच." मग रात्रीचं जेवण त्यांना गोड लागायचं नाही. आई वरून मला बोलायची, "त्या म्हाताऱ्या माणसाला कशाला पेटवून देतोस रोज?" तिला काय सांगणार? पेटवलं मी नव्हतं, ते कधीपासून पेटलेलंच होतं.

मग मी ठरवलं, आता मशीन बाहेर काढायचंच नाही. आजार जिथं आहे तिथंच बघायचा. एके दिवशी हॉल उघडायच्या आधी सकाळीच जाऊन पोचलो. तर दारात काय दृश्य! हॉलचे रखवालदार चाचा, पूर्वी कोपरगाव-शिर्डी जीप चालवायचे, त्यांनी मशीन नळाखाली बाहेर घेतलेलं. बादलीनं पाणी मारून, फडक्यानं घासून, हँडल, दिवा, सीट सगळं लख्ख करत होते. वर गुलाबाचा हार तयार. मी विचारलं, "चाचा, हे रोज?"

"मग? रोज!" चाचा म्हणाले. "अरे मिस्त्री, गाडीला पाणी मारल्याशिवाय, हार घातल्याशिवाय मी आयुष्यात पहिलं भाडं घेतलं नाही. अंघोळ न करता माणूस धंद्यावर बसतो का? गाडीला तरी कसं बसवायचं?"

त्यात चूक काय म्हणावी? आपल्याकडं रिक्षावाला असो, जीपवाला असो, टेम्पोवाला असो, सकाळी गाडी धुऊन हार घातल्याशिवाय किल्ली फिरवत नाही. हिंदू-मुसलमान असा भेद नाही त्यात. बोहनीच्या आधी गाडीला पाणी, हे इथल्या रक्तातलं. मी स्वतः खंडेनवमीला गॅरेजातले पाने-पक्कडी धुऊन मांडतो, हळद-कुंकू वाहतो. फक्त बर्फात ही रीत किती महागात पडते, हे इथं कुणाला कळावं? बर्फवाल्या मुलखातल्या माणसानं ही चूक केलीच नसती.

चाचांनी मशीन आत ढकललं. मी भाड्याचं जॅकेट चढवलं, आत थांबलो, गारठून कान बधिर होईपर्यंत थांबलो आणि मग कव्हर उघडलं. हँडलपाशी चोकचा लिव्हर असतो. गार इंजिनाला सुरुवातीला जास्तीचं पेट्रोल लागतं, ते सोडायला चोक. लिव्हरपासून खाली कार्बोरेटरपर्यंत नळीत घातलेली तार जाते. मी लिव्हर उचलला. उचलल्यासारखा वाटला, पण अर्धाच. खालचा चोक जागचा हललाच नव्हता. तार नळीतून सोडवून ओढली तर नळीच्या खालच्या टोकाशी बर्फाचा खडा, हरभऱ्याच्या डाळीएवढा. सकाळचं पाणी हँडलवरून नळीत उतरलं, तारेच्या कडेनं खाली गेलं आणि तिथं गोठून चोकला धरून बसलं. बाहेर उन्हात काढलं की ते वितळायचं, म्हणून बाहेर एका दोरीत चालू. एवढंसं ते बर्फ! मी त्या हॉलमध्ये एकटाच ओरडलो, "सापडलं रे सापडलं!" चाचा धावत आले. त्यांना सांगितलं तर बिचारे कानाला हात लावून उभे राहिले. म्हटलं, "चाचा, कान नका धरू. हार घाला, पाणी तेवढं नका मारू." नळीचं वरचं तोंड मी रबरानं बंद केलं, तार सुकवून तेल घालून बसवली. दुपारी आतच, बर्फात, पहिल्या नाही पण तिसऱ्या दोरीला मशीन चालू झालं. पोरं टाळ्या वाजवायला लागली.

मी पेढे घेऊन घरी आलो. खरंच, पेढे! मला वाटलं, काकूंच्या प्रश्नाचं उत्तर नाही मिळालं तरी दादांना एक गंमत सांगता येईल, शिर्डीचे चाचा बर्फातल्या गाडीला अंघोळ घालतात. सांगताना मी हसत होतो. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, अशी माझी गत. दादा आधी हसले. मग 'लिव्हर अर्धाच उठत होता' म्हटल्यावर त्यांचं हसू थांबलं. त्यांनी विचारलं, "अर्धाच?" मी म्हटलं, "हो, हाताला वाटतं उठला, पण अर्धाच." दादांनी स्वतःचा उजवा हात समोर धरला, अंगठा आणि बोट असं उचलून बघितलं, पुन्हा बघितलं. म्हणाले, "आमचा बी अर्धाच उठत हुता. मला वाटलं, गारठ्यानं माझी बोटंच उचलंना झाली."

मी म्हटलं, "पण दादा, तिकडं कोण मशीन धुणार होतं? पाणी तरी कुठलं तिथं?"

मग दादा जे बोलले ते त्यांनी मला, आईला, कुणालाच कधी सांगितलं नव्हतं. लपवलं होतं असं नाही, सांगण्यासारखं काही त्यात आहे असं त्यांना कधी वाटलंच नव्हतं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी खंडेनवमी. चौकीवर हत्यारांची, मशीनची पूजा केली होती. जोडीदारानं सुट्टीवरून येताना घरून नारळ आणला होता. त्याच्या बायकोनं मोहट्याच्या देवीपुढं ठेवून, ओटीत घेऊन, मग त्याच्या पिशवीत घातलेला. खंडेनवमीला फोडा, अन् देवीला सांगा, माझ्या माणसाला सुखरूप घरी आण, असं सांगून दिलेला. त्या थंडीत नारळाचं पाणी गोठतं, म्हणून जोडीदारानं तो रात्रभर अंथरुणात पोटाशी घेऊन ऊबेला ठेवला होता. दुपारी मशीन खालून आलं, इंजिन गरम होतं, त्यानं मशीनसमोर नारळ फोडला आणि सगळं पाणी हँडलवर ओतलं. दादा म्हणाले, "वतताना म्हनला, 'घे गं आई, तुझंच मशीन.' आम्ही सगळे हसलो. खोबरं वाटून खाल्लं."

पेढ्याचा पुडा मधेच उघडा पडला होता. कुणी हात लावला नाही. मी काहीतरी सारवासारव करायला लागलो, "नारळाचं पाणी ते कितीसं, दादा, ते काय नळीत जाणार..." दादांनी माझ्याकडं बघितलं. "तू मेकॅनिक हायस. खरं बोल." मग मला खोटं बोलता आलं नाही. म्हटलं, "असंच झालं असणार. तिथं हजर असलेला कुणी छातीठोकपणे सांगू शकणार नाही. पण झालं असणार ते हेच." दादा म्हणाले, "व्हय. हेच." आणि डोळे पुसायला त्यांनी धोतराचा सोगा शोधला तो त्यांना सापडेना. मी वडिलांना असं रडताना कधी बघितलं नव्हतं. त्या दिवशी मला शिर्डीच्या त्या हॉलचा, त्या मशीनचा, माझ्या स्वतःच्या हुशारीचा सगळ्याचा संताप आला. कशाला शोधलं मी?

दसरा जवळ यायला लागला तसा घरात आमचा रोज खटका उडायचा. मी म्हणायचो, यंदा जाऊच नका. गेलात तर नेहमीसारखं 'कळलं न्हाई' म्हणा. दादा म्हणायचे, "आजवर कळलं नव्हतं म्हणून तसं म्हनलो. आता कळलं असून तसं कसं म्हनू?" मी म्हटलं, "मग काय सांगणार? तुमच्या नारळानं तुमचा नवरा गेला, असं? सासू जन्मभर जे बोलली त्याच्यावर तुम्ही शिक्का मारणार?" दादा म्हणाले, "तू ये माझ्यासंग. बोलायचं ते मी बोलंन. तू तोंड उघडायचं न्हाई." मी म्हटलं, बघू. दादा म्हणाले, "बघू न्हाई. आईची शपथ घे." आणि ती त्यांनी माझ्याकडून खरोखर घेतली.

दसऱ्याला श्रीरामपूर, नेवासा करत आम्ही दोन एसट्या बदलून गेलो. दादा वाटभर दम धरून बसले होते. काकूंचं घर गावाच्या कडेला, पुढं कापूस, अंगणात दोन शेळ्या. त्यांनी नेहमीसारखं पाणी दिलं, दादांनी नेहमीसारखं सोनं दिलं, काकूंनी ते नवऱ्याच्या फोटोपुढं ठेवलं. मग त्या उंबऱ्याशी बसल्या आणि विचारलं. "भाऊजी, ते मशीन का चालू झालं न्हाई ओ?"

"कळलं, वहिनी," दादा म्हणाले.

इतक्या वर्षांत दुसरं उत्तर येईल असं काकूंना वाटलंच नसावं.

दादा म्हणाले, "माझ्या हातनं झालं. खंडेनवमीला मी मशीन धुतलं. आपल्याकडं धुत्यात तसं. बर्फ वितळवून पानी केलं अन् हँडलवर वतलं. ते पानी आत नळीत जाऊन गोठलं. म्हणून सकाळी मशीन उठलं न्हाई. मी मेकॅनिक हुतो, मला कळाया पाहिजे हुतं. दुसऱ्या कुनाचा काई दोष न्हाई. मशीनचा न्हाई, कुनाच्या पायगुणाचा तर मुळीच न्हाई. माझी चूक."

मी उठायला लागलो. तोंडापर्यंत शब्द आले होते, अहो तुम्ही थेंबभरही पाणी ओतलं नव्हतं! दादांनी बसल्या जागेवरून माझं मनगट धरलं. इतका अशक्त माणूस, पण पकड अशी की हाड दुखलं.

मग काकूंनी अगदी हळू विचारलं, "अन् माझा नारळ? ह्यांच्याबरोबर दिला हुता. तो फोडला का न्हाई कुनी?"

"फोडला की," दादा म्हणाले. "पूजेला फोडला. चांगला निघाला. पांढरं शुभ्र खोबरं. त्यानं आमा सगळ्यांना वाटलं, अन् तुमचं नाव घेतलं."

काकूंनी पदर तोंडाला लावला. आधी नारळाचं म्हणून रडल्या, सुटल्यासारख्या रडल्या. "मला वाटायचं, वाटंतच फुटला आसंल, नासला आसंल, देवीला पोचलाच नसंल, म्हणून..." असं काही काही म्हणत होत्या. मग रडणं थांबलं. त्यांनी दादांकडं बघितलं, आणि त्या बघण्यात इतक्या वर्षांची ओळख नव्हती. म्हणाल्या, "भाऊजी, माझी सासू मला मरूस्तर पांढऱ्या पायाची म्हनली. तुमी तिथं बसून ऐकलं. दर वरसाला माझ्या घरचा चहा प्यालात. अन् पानी तुमच्या हातचं हुतं व्हय?"

दादा म्हणाले, "व्हय."

"मग आता येत जाऊ नका."

"बरं," दादा म्हणाले. त्यांनी दोन्ही हात जोडले, गुडघ्यावर हात रेटून उठले. काकूंनी त्या दिवशी चहा टाकला नाही. आम्ही फाटकाबाहेर आलो तेव्हा शेजारची एक बाई काकूंकडं जात होती, आणि मागून काकूंचा आवाज ऐकू आला. चढ्या, मोकळ्या आवाजात त्या शेजारणीला सांगत होत्या, "ऐकलंस का गं? मशीनचं हुतं ते. माझं काई नव्हतं."

एसटी स्टँडवर मी फुटलो. म्हटलं, "दादा, तुम्ही हे काय केलंत? ज्यानं ओतलं त्याचं नाव तरी..." दादा म्हणाले, "त्याचं कसं घेऊ? त्यानं तिचा नारळ वतला, असं सांगू?" मी म्हटलं, "पण तुमच्याबद्दल आता ती काय समजत असेल?" ते म्हणाले, "समजू दे. तिला कुनावर तरी राग धरायचा हुता, इतकी वरसं तो तिनं स्वतःवर धरला. माझ्यावर धरला तर मला काय हुतंय?" पण एसटीत चढताना ते पहिल्याच पायरीवर थांबले, आणि मला त्यांना जवळजवळ उचलूनच वर घ्यावं लागलं.

काकूंना मागच्या संक्रांतीला गावातल्या बायकांनी हळदीकुंकवाला बोलावलं, असं तिकडून आलेल्या एका गिऱ्हाइकाकडून कळलं. मी दादांना सांगितलं. "आसं?" म्हणाले, आणि आईकडून दोनदा चहा मागून घेतला.

यंदाच्या दसऱ्याला मी सकाळी उठलो तर दादा अंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून, टोपी घालून ओट्यावर बसलेले. शेजारी पिशवी. मी विचारलं, "कुठं निघालात?"

"कुठं न्हाई," म्हणाले. दुपारची एसटी जायची वेळ टळेपर्यंत ते तसेच बसून होते, मग आत जाऊन त्यांनी कपडे बदलले.